चिंटूवरचे हायकू

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका वाचनालयात मी बालविभाग सांभाळते. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आमच्या भिंतीवर मुलांच्या कविता लागतात. ‘माझी मायबोली’वर मुलं दरवर्षी तेच ते लिहितात, म्हणून यंदा विषय दिला : चिंटूवर हायकू, म्हणजे तीन ओळींची चिमुकली कविता.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू केलेली ही चित्रमालिका आईबाबांनी पेपरात वाचली, मुलं आता पुस्तकांतून वाचतात. तीन-चार चौकटी, मोजके शब्द, आणि शेवटच्या चौकटीत डाव उलटतो. हायकूची तिसरी ओळ हेच तर करते! ओळींत ५-७-५ अक्षरं मोजण्याचा जपानी हिशेब मी मध्ये आणलाच नाही. शिरीष पैंनी मराठीत रुजवलेला हायकू तीन ओळींचा, दोन ओळींत यमक, एवढंच सांगितलं.

पहिला कागद लगेच आला :

चिंटूचा अभ्यास झाला
आई वही मागते
आणि त्याला तहान लागते

सगळी खोली हसली. मग तिसरीतला एक मुलगा चिंटूच्या शेजारच्या जोशीकाकूंच्या फुटलेल्या काचेवर हायकू घेऊन आला. त्याची शेवटची ओळ होती, ‘सगळे घाबरून पळते’. यमकासाठी व्याकरण मोडलं होतं. मी विचारलं, “सगळे पळाल्यावर तिथे काय राहिलं असेल रे?” तो खिडकीशी जाऊन बसला. बऱ्याच वेळानं आला :

जोशीकाकूंची काच फुटते
मैदान क्षणात रिकामं
बॅट एकटीच उरते

कुणी घाबरलं, कुणी पळालं, असा शब्दही नाही, तरी सगळं दिसतं. आठ वर्षांच्या मुलाला हे जमलं याचा मला विलक्षण आनंद झाला. चित्रकथा म्हणजे वाचन नव्हे असं पालक म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. काय गाळायचं हे या मुलाला कुठल्या धड्यानं शिकवलं असतं?

आमच्याकडे रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त मराठीचे सर दारात उभे होते. “ताई, हायकू म्हणजे निसर्गातला एक क्षण. हा विनोद झाला.”

मी म्हटलं, “सर, जपानीत त्यालाही जागा आहे. सेनर्यू. ओळींचं माप तेच, विषय मात्र माणसांच्या खोड्या. अठराव्या शतकातल्या कराई सेनर्यू यांच्यावरून ते नाव पडलं.”

सर आत येऊन मुलांच्या छोट्या बाकावर बसले, कागद वाचू लागले. तहानेचा कागद त्यांनी सेनर्यूत टाकला. बॅटचा मात्र हातातून सोडेनात. “हा विनोद नाही. हा हायकूच.” मग एका अबोल मुलीचा कागद मोठ्यानं वाचला :

मिनी भांडून गेली
चिंटू म्हणाला, बरं झालं
खेळायला मजा नाही आली

“हा कुठे लावायचा?” सरांनी मलाच विचारलं. मी त्या मुलीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, “मधे लावा, दोन्हीकडचे वाचतील.”

तसाच लावला. सर दुसऱ्या दिवशी चिंटूचं पुस्तक मागायला आले, पण एकही शिल्लक नव्हतं. मुलांनी सगळी घरी नेली होती. सरांचं नाव मी प्रतीक्षा यादीत लिहिलं, एका दुसरीतल्या मुलाच्या खाली.