रनिंग-इन, पहिले ८०० किमी: तिसऱ्या सिलिंडरची नोंद

उघडून नव्याने बांधलेलं इंजिन परत गाडीत बसलं, सुरू झालं आणि काल रनिंग-इनचे, म्हणजे नवे भाग एकमेकांवर बसण्याच्या काळाचे, पहिले ८०० किमी पुरे झाले. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: १.३ लिटर, चार सिलिंडर, कार्ब्युरेटर. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) ०.५० मिमी ओव्हरसाइझ, पिस्टन-रिंगा नव्या, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) आणि त्यावर घासत चालणारे टॅपेटही नवे. टॅपेट सपाट तळाचे आहेत, रोलरवाले नाहीत, त्यामुळे पहिल्या स्टार्टचीच मला सगळ्यात जास्त धास्ती होती.

नवा कॅम आणि सपाट टॅपेट यांचं पहिल्या वीस मिनिटांत जमतं, नाहीतर कायमचं बिघडतं. या इंजिनात कॅमच्या उंचवट्यांना तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांचं, आणि आयडलिंगला ते पुरत नाही. म्हणून इंजिन पेटलं की लगेच २,००० आरपीएमवर न्यायचं आणि वीस मिनिटं २,००० ते २,५०० मध्ये खालीवर करत ठेवायचं. ऑइल साधं मिनरल, झेडडीडीपीचं (झीज रोखणाऱ्या जस्तयुक्त रसायनाचं) प्रमाण जास्त असलेलं.

आधी चारही प्लग काढून सेल्फ मारला, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत. सहाव्या वेळी ऑइल प्रेशरचा काटा उठला. रॉकर कव्हर उघडंच ठेवलं होतं, शेवटच्या रॉकरपाशी तेल पाझरताना डोळ्यांनी पाहिलं. एवढं दिसल्याशिवाय प्लग लावू नका.

प्लग लावून सेल्फ मारला तर इंजिन घेईना, कार्ब्युरेटरमधून नुसता एक फटाका. तिथल्या तिथे थांबलो. उगाच सेल्फ मारत राहिलं की कॅमवरचं असेंब्ली ल्यूब (जोडणीच्या वेळी लावलेलं घट्ट वंगण) पुसलं जातं आणि खरा स्टार्ट कोरड्या कॅमवर होतो. डिस्ट्रिब्युटर १८० अंश उलटा बसला होता: एक नंबरचा पिस्टन वर होता खरा, पण एक्झॉस्टच्या शेवटी, कॉम्प्रेशनच्या नाही. तो फिरवून बसवला आणि इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं. मॅनिफोल्डचा रंग जळून भरपूर धूर झाला, त्याची चिंता नको.

वीस मिनिटं झाल्यावर तेल गरम असतानाच सोडलं आणि फिल्टर उघडला. करवतीने कापू नका, तिचाच कीस आत पडतो आणि काही कळत नाही. मी चाकाचा कटर वापरला. कागदाच्या घड्या सोडवून, व्हाइसमध्ये दाबून तेल निथळवलं आणि कागद उन्हात धरला. बारीक राखाडी चमकी होती, बोटावर घेतली तर कण जाणवत नव्हता. चुंबक फिरवला तेव्हा बहुतेक त्याला चिकटली, म्हणजे रिंगा, बोअर आणि कॅमची झीज. तांबूस किंवा पांढरट, चुंबकाला न लागणारे पापुद्रे सापडले असते तर संशय बेअरिंगवर गेला असता आणि संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं) उतरवावाच लागला असता. तसा एकही नव्हता.

मग रस्ता. ‘नवं इंजिन जपून, हळू चालवा’ हे मी वर्षानुवर्षं ऐकलंय, पण रिंगांच्या बाबतीत मला ते पटत नाही. रिंगचा स्वतःचा ताण थोडाच असतो. तिला भिंतीवर खरी दाबते ती ज्वलनाची हवा, रिंगच्या मागे शिरून. ॲक्सिलरेटर जेमतेम दाबला तर तो दाब येत नाही, होनिंगच्या (भिंतीवर मुद्दाम घासून काढलेल्या) रेघांची टोकं झिजत नाहीत, तेल भिंतीवर भाजून काचेसारखा थर धरतं. तो थर बसला की पुढे कितीही पळवा, रिंगा बसत नाहीत. पुन्हा होनिंग करावं लागतं. म्हणून चौथ्या गिअरमध्ये ४० वरून ८० पर्यंत पाऊण ॲक्सिलरेटरने ओढायची, मग पाय पूर्ण काढून इंजिनच्याच ब्रेकवर ४० पर्यंत येऊ द्यायची. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये जी ओढ तयार होते तिने तेल वर येऊन झिजेचा माल धुतला जातो. असं दहा वेळा. ४,००० च्या वर नेलं नाही, एकाच वेगात लांब चालवलं नाही, आणि वरच्या गिअरमध्ये घुसमटूही दिलं नाही.

८० किमीला गरम इंजिनवर, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजलं: १३८, १४१, १२२, १३९ पीएसआय. तिसरा मागे. त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं तर १४५. बाकीच्यांत असंच केल्यावर वाढ जेमतेम दहाची. तेलाने आकडा इतका उठतो तेव्हा व्हॉल्व्ह ठीक असतात, रिंग बसलेली नसते. हेड उघडायचा मोह झाला होता, रात्रभर विचार केला आणि नाही उघडलं. तेच ओढणं-सोडणं चालू ठेवलं.

३५० किमीला तिसरा १४० वर आला. ८०० ला आकडे आहेत १५२, १५४, १४९, १५३. पहिल्या ३०० किमीत पाव लिटर तेल खाल्लं होतं, नंतरच्या ५०० किमीत डिपस्टिकवरची रेघ हललेली नाही. उतारावरून आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की निळसर धूर दिसायचा, तो गेला. टॅपेटचं अंतर दोन एक्झॉस्टवर ०.०५ मिमीने कमी झालं होतं, ते लावून घेतलं.

सिंथेटिक ऑइल एवढ्यात नाही. १,५०० किमीपर्यंत मिनरलच. काल तिसऱ्याचा प्लग काढून पाहिला. ८० किमीला त्याच्या चुडीवर (आट्यांवर) ओलं काळं तेल होतं. आता चुडी कोरडी आहे आणि टोकाचं पोर्सेलिन फिकट तपकिरी, बाकीच्या तिघांसारखंच.