चिंचोके-पट अपडेट: पहिल्या घराचा घोळ सुटला (बहुतेक)

सुट्टीत सोसायटीतल्या छोट्या पोरांना खेळांतून मोजायला शिकवतोय, आणि खडूच्या पटावर ती उभं असलेलं घरच पहिलं मोजतात, हा तो घोळ. दहा दिवस काही टाकलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच, नुसती चिडचिड होती. काल सकाळी आठ-सव्वाआठला बी विंगच्या जिन्यात प्रकरण सुटलं, म्हणून ऑफिसचा कॉल म्यूट करून लिहायला बसलोय.

बाकी सगळं तेच, सोसायटीचं पार्किंग, साडेसात ते पावणेनऊ (त्यानंतर पुण्याचं मे महिन्यातलं ऊन), साडेचार ते साडेपाच वयाची अकरा पोरं आणि मी एकटा काका. डाळी निवडणं झालं, झाकणांचे मनोरे झाले. अंड्यांच्या ट्रेचं मात्र परत एकदा कौतुक करू द्या, तीसचा ट्रे म्हणजे पाच-पाचच्या सहा ओळी, दोन-दोन ओळींवर कात्री चालवली की दहाच्या तीन चौकटी फुकटात! आता सात झाकणं ठेवली की निम्मी पोरं मोजतच नाहीत, वरची ओळ भरलेली बघून "पाच आणि दोन" म्हणतात. याउलट ऑनलाइन मागवलेला फोमच्या आकड्यांचा सेट. दोन दिवस वास जाईना, आणि सहा आणि नऊ एकच तुकडा, फिरवा आणि वापरा. घेऊ नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बिया, पानं, शंख-शिंपले घेऊन बालवाडी चालवली, आणि आपण कार्टमध्ये फोम टाकतोय.

तर पट. खडूनं सरळ रेषेत दहा घरं, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकात आकडा. चौक-अष्टा या जुन्या बैठ्या खेळाचा पाच बाय पाचचा पट मुद्दाम नाही घेतला, कारण सीगलर आणि रमाणी या संशोधकांनी २००८-०९ च्या सुमाराला याच वयाच्या पोरांवर केलेल्या कामात दिसलं की आकड्यांचा सरळ पट खेळून पोरांची आकड्यांची समज वाढली, नुसत्या रंगांच्या पटानं नाही, आणि गोल पटाचाही तेवढा फायदा दिसला नाही. अट एकच, तीनवर उभं असताना दोनचं दान पडलं तर "एक, दोन" नाही, "चार, पाच" म्हणत पुढे जायचं. फाशाऐवजी चार अर्धे चिंचोके. सासूबाई चैत्रात वर्षाची चिंच फोडतात तेव्हाच पिशवीभर आणले होते, शाहाबादी फरशीवर पाणी टाकून घासले की एक बाजू पांढरी निघते. जेवढे पांढरे वर तेवढं दान, म्हणजे जास्तीत जास्त चार, आणि चारपर्यंत ही पोरं न मोजता बघून सांगतात. साध्या फाशातला पाच-सहा त्यांना ठिपका-ठिपका मोजत बसावा लागतो आणि तेवढ्यात बाकीची दहा जण पळून जातात.

आता घोळ. पोरगं तीनवर उभं, दान दोन. ते आहे त्याच घरावर पाय आपटून म्हणणार "एक", मग चारवर उडी मारून "दोन". म्हणजे पोचलं चारवर, पोचायला हवं पाचवर. एक-दोन जण नाही, जवळजवळ सगळी! आणि "चार, पाच" म्हणायला लावलं तर तीनवरच उभं राहून "चार" म्हणतात, पायाखाली ढळढळीत ३ लिहिलेला असताना.

पहिले तीन दिवस मी नुसता बोललो, "उभं आहे ते घर मोजायचं नाही". माना डोलवायची आणि परत तेच. मग उभं असलेल्या घरावर रुमाल टाकला, म्हटलं दिसलंच नाही तर मोजणार कसं. एका बहाद्दरानं रुमालावर पाय ठेवला आणि म्हणाला "रुमाल, एक". मग टाळीचा प्रयोग, उडीला टाळी आणि टाळीला आकडा, तर उडी मारायच्या आधी सावधानमध्ये उभं राहून पहिली टाळी. मधे मंगळवारी वळीव आला आणि अख्खा पट धुऊन गेला, खरं सांगतो, मला जरा बरंच वाटलं. ऑइल पेंटनं कायमचा काढतो म्हटलं तर सेक्रेटरी साहेबांनी पार्किंगच्या नियमांचा कागदच पुढे केला.

आठव्या दिवशी वहीत चुका टिपताना एक लक्षात आलं जे आधीच दिसायला हवं होतं. पहिल्या दानाला कोणीच चुकत नाही. पटाच्या बाहेरून एकवर येताना सगळं बरोबर, चूक सुरू होते ती दुसऱ्या दानापासून. कारण बाहेर घरच नाही, मोजायला काही नाहीच. आणि मग डोक्यात प्रकाश पडला की ही चूक मीच शिकवलीये. पहिले दोन आठवडे एकास एक कोणी घोटून घेतलं? प्रत्येक वस्तूला बोट लाव, एकही सोडायची नाही, एकही दोनदा मोजायची नाही. पोरं अगदी तेच करत होती आणि हाच काका आता सांगतोय की पायाखालचं घर सोड. का सोडायचं? कालपर्यंत तर एक चिंचोका सोडला तरी परत मोजायला लावत होता.

हे कळलं, पण उपाय सुचेना. काल लिफ्ट बंद होती. पाण्याच्या बाटल्या पहिल्या मजल्यावर राहिल्या म्हणून सगळी वरात जिन्यानं निघाली. पुढे पिवळी टोपी (आमची सगळ्यात बडबडी), पायरीगणिक एक, दोन, तीन. तिसरीवर थांबली, चप्पल नीट केली, मागच्याशी भांडली आणि परत निघाली ते सरळ "चार". मी तिथेच उभा. परत तीन म्हणाली नाही, पाय आपटला नाही, काही नाही! जिन्यात आकडा पाय टेकतो तेव्हा येतो, आणि उभं असलेल्या पायरीवर पाय आधीच टेकलेला असतो.

बाटल्या राहिल्या बाजूला. जुन्या कॅलेंडरचे आकडे कापून पायऱ्यांवर चिकटवले आणि चिंचोके तिथेच टाकायला सुरुवात. अकरांपैकी आठ जण पहिल्याच फेरीत बरोबर, दोघांचा गोंधळ, आणि एक जण मुंगी कुठे चाललीये ते बघत होता. आज सपाट पटावर परत आलो आणि फक्त शब्द बदलला. "दोन घरं पुढे जा" म्हणायचं बंद, "दोन पायऱ्या चढ" म्हणायचं. आठातले सहा टिकले. घर म्हटलं की ते वस्तू मोजतात आणि पायरी म्हटलं की पाय उचलतात, इतकंच असावं. हे एक शब्दाचं काम होतं आणि मी दहा दिवस रुमाल टाकत बसलो.

जिन्याचा अजून एक फायदा झाला. खाली फरशीवर उभं राहून "आपण आता कितीवर आहोत?" विचारलं तर एकजण म्हणाला "झीरो, लिफ्टमध्ये असतं ना". बरोबरच आहे, तळमजल्याचं बटण शून्य. म्हणजे पटाला एकच्या आधी शून्याचं घर पाहिजे होतं आणि मी ते काढलंच नव्हतं.

पण त्यातून नवीन भांडण. चारही चिंचोके काळे पडले तर मी म्हणतो शून्य, जागचं हलायचं नाही. बाकावर बसलेल्या आजी रोज बघत असतात, आज उठून आल्या, "अरे, चारही पालथे म्हणजे अष्टा! आठ! तुला चौक-अष्टा येत नाही आणि पोरांना शिकवतोस?" त्यांचंही खरंय, खेळ तसाच आहे. पोरांना अर्थातच आठ हवेत. तह असा झालाय की रोज शून्य आणि शनिवारी आजींचा अष्टा.

पुढे वीसपर्यंत जायचा विचार होता पण आमच्या जिन्याला नऊ पायऱ्या झाल्या की वळण, आणि ती नववी पायरी म्हणजे एवढी मोठी मधली जागा. पिवळ्या टोपीचं म्हणणं ती मोठी आहे म्हणून "नऊ आणि दहा". शिवाय दहा वळणाच्या पलीकडे गेला तर सरळ रेषेची मजाच गेली. वीसपर्यंतचा दुसरा त्रास एकोणीस. एकवीस की वीस एक या २०१९ मधल्या दुसरीच्या पुस्तकाच्या वादात मी पडत नाही, पण वीस यायच्या आधीच वीसमधून एक उणे करून बोलायचं हे या वयाला जडच आहे, त्यात निम्मी पोरं घरी नाइन्टीन म्हणतात.

आत्ता लिहिता लिहिता सुचलं, पर्वती! १०३ पायऱ्या, रुंद, बसक्या, लहान पायांना सोप्या. सगळ्या नाही, पहिल्या दहाच, खडू घेऊन सहा वाजता जायचं आणि उन्हाच्या आत परत. आईबाबांपैकी चार जण तरी बरोबर लागतील. ग्रुपवर टाकतो. नाही जमलं तर शेवटच्या दिवशी एकटाच जाऊन मोजून येईन.

तोपर्यंत सोमवारी शून्याचं घर. सेक्रेटरींना परत विचारलं, ऑइल पेंटला एक बाय एक फुटाची परवानगी मिळालीये, एकाच घरापुरती. तेव्हा पार्किंगमध्ये शून्य कायमचा आणि एक ते दहा खडूचे.