वहीतले शेवटचे दोन आकडे

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेट्टीवर नाखवा माझी वाटच बघत होता. होडीवर फाटकं जाळं पसरलेलं, खलाशी शिवायला बसलेले. "मिल्ट्रीवाल्यांनी जीपीएस हलवलंय. पाण्याखालचं खडप दाखवतं एकीकडे, लागतं भलतीकडे."

असं कुणी बोललं की जेट्टीवर पाच माना लगेच डोलतात. अगदीच खोटंही नाही ते. 1998 ला मी होड्यांवर जीपीएस सेट बसवायच्या धंद्यात आलो तेव्हा बांधून ठेवलेली होडी स्क्रीनवर शंभर-शंभर मीटर भटकायची. अमेरिका नेमका सिग्नल लष्करासाठी राखून बाकीच्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालायची. 2 मे 2000 ला ती बंद केली. नाविक म्हणजे आपलं भारताचं जीपीएस, त्यातही सेनादलांची सेवा वेगळी, कुलूपबंद. हे सगळं मी तिथे रंगवून सांगितलं. खोडच आहे मला.

मग सेट लावला. होडी स्क्रीनवर बरोबर जेट्टीला टेकलेली. कालच्या फेरीचा ट्रॅकही अखंड, कुठे उडी नाही. म्हणजे वरून येणारा सिग्नल ठीक, घोळ सेटमध्ये भरून ठेवलेल्या पॉइंटात.

नाखव्याची वही मागितली. ओलीने फुगलेली, पानं मिठाने खरखरीत. वीस वर्षांची खडपं आणि बुडालेल्या होड्या त्यात. या खडपाच्या अक्षांशाची नोंद 17 02 45. सेटमध्ये 17 02.450. पानं उलटत गेलो. शेवटचे दोन आकडे एकदाही 59 च्या वर गेले नव्हते. सेकंद होते ते! जुना सेट सेकंदात दाखवायचा, नवा मिनिटाच्या दशांशात. 45 सेकंद म्हणजे पाऊण मिनिट, 02.750 हवं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. खडप साडेपाचशे मीटर दक्षिणेला सरकलेलं.

आणि ते आकडे मीच भरले होते. 31 जुलैच्या रात्री, पावसाळी मासेमारीबंदी उठायच्या आदल्या घाईत. सगळ्यांना सेट त्याच रात्री हवा असतो. जून-जुलैत कोणी फिरकत नाही.

"फॉरमॅट बदललाय," एवढंच बोललो. कोणी, ते नाही.

"बघ! वरूनच बदललंय," नाखवा शेजारच्या तांडेलाला म्हणाला. मी मान खाली घालून एकेक पॉइंट नव्याने भरत होतो. तीन तास लागले. पैसे घेतले नाहीत.

"मग ही सुरमई तरी ने," म्हणाला. ती मात्र आणली.