कॉम्पमधली काजळी, आणि काजळी नसलेलं बाकीचं

पिस्तुलाचा कॉम्पेन्सेटर (थोडक्यात ‘कॉम्प’, नळीच्या तोंडाला लावलेला, झटका कमी करणारा तुकडा) साफ करण्यात माझ्या गेल्या महिन्यात चार संध्याकाळी गेल्या. त्यातल्या तीन निव्वळ एका चुकीच्या समजुतीपायी. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी ह्यूस्टनजवळ राहतो आणि महिन्यातून दोनदा यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेच्या मॅचेस खेळतो, ओपन डिव्हिजन या गटात. तिथे डॉट (नेम धरायचा प्रकाशाचा ठिपका) आणि कॉम्प दोन्ही चालतात. ‘मेजर’चे, म्हणजे जोरदार गोळीला मिळणारे जास्तीचे गुण हवे तर पॉवर फॅक्टर, म्हणजे गोळीच्या जोराचं माप, 165 लागतो. म्हणजे 124 ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला 1,350 फुटांनी सुटली, तर दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराला हजाराने भागून 167.4 येतात, चाललं. एवढ्या वेगासाठी काडतुसातली दारू जास्त जळते, तिचा वायू कॉम्पच्या पोर्टांतून (वरच्या खाचांतून) वर उसळतो आणि उडी मारू पाहणारं नळीचं तोंड खाली दाबून धरतो. वायूबरोबर आलेली घाण मात्र आतल्या भिंतींना आणि बॅफलना (गोळी जायला मधे भोक असलेल्या आतल्या पडद्यांना) चिकटून राहते.

सुमारे तीन हजार राउंड मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका मॅचला डॉट नेहमीपेक्षा जास्त उडतोय असं वाटलं. घरी येऊन टॉर्च मारला, तर पहिल्या बॅफलचं भोक काळ्या थराने चहूबाजूंनी आत आलेलं. थोडाफार थर असला तर बिघडत नाही, कित्येक चांगले नेमबाज तो खरवडतही नाहीत. पण गोळी ज्या भोकातून जाते तेच बुजत असेल तर ती कडेला घासू शकते. तिथे आळस परवडत नाही.

मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, स्लाइड उतरवली, बॅरल हातात घेतलं. इथवर दहा मिनिटं.

आई मिरजेहून आलेली आहे. तिने नुसतं पाहूनच सांगितलं, “अरे, दूध लागलेलं पातेलं आपण लगेच घासतो का? भिजत घाल, सकाळी आपोआप सुटेल.” मलाही पटलं. कार्बन काढायचं द्रावण बरणीत ओतलं, बॅरलचं तोंड त्यात बुडवून रात्रभर ठेवलं. सकाळी बोटाएवढ्या नायलॉन ब्रशने घासलं तर काळं पाणी भरपूर निघालं. मी खूश. पुसून टॉर्च मारला, तर थर जवळजवळ होता तिथेच. फक्त काळ्याचा राखाडी झालेला.

दुसऱ्या रात्री पुन्हा भिजवलं. तिसऱ्या दिवशी दुसरं, महागडं द्रावण आणलं. गॅरेजमध्ये 38 अंश, घामाने टी-शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मी पितळी टोकाने त्या राखाडी कपच्यांशी झुंजतोय. दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन काढून त्यात दोन फेऱ्या मारल्या आणि मग आठवलं, की आमच्या गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्याने) कॉम्प रॉकसेट नावाचा चिकट पदार्थ लावून बसवलाय. रॉकसेट उष्णतेला दाद देत नाही, पण पाण्यात भिजलं की सुटतं. नशीब, कॉम्प हलला नव्हता. तुमचा कॉम्प कशाने बसवलाय हे आधी विचारा, मग पाण्याच्या भानगडीत पडा. आणि तो काढून साफ करायचा मोह तर नकोच. पुन्हा बसवताना भोक बॅरलच्या रेषेत आलं नाही, तर गोळी बॅफलवर आदळेल.

उलगडा झाला तो कपच्यांकडे नीट बघितल्यावर. कार्बन खरवडला तर त्याची भुकटी होते किंवा खपल्या उडतात. माझ्या पितळी टोकाखाली मात्र बारीक, मऊ, चांदीसारखी चमकणारी वळी निघत होती, पेन्सिलीला टोक करताना निघते तशी. ते शिसं होतं! वरचा पातळ काळा थर तेवढा काजळीचा. म्हणजे शिशाला मी तीन दिवस काजळीचं औषध पाजत होतो.

रेंजवर सत्तरी उलटलेले एक गृहस्थ येतात. त्यांना फोटो दाखवला, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “गोळीचा बूड उघडा आहे का?” होता. स्वस्त मिळाल्या म्हणून घेतलेल्या गोळ्यांना तांब्याचं कवच बाहेरून असतं, पण बुडाशी शिसं उघडंच. ज्वलनाचा गरम वायू ते शिसं चाटतो, आणि कॉम्पमध्ये शिरताना पसरून थंड झाला की तिथे ठेवून जातो. आता बूड झाकलेल्या होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या) गोळ्या घेतो. महाग आहेत, पण त्या तीन संध्याकाळींपेक्षा स्वस्तच.

व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून शिसं विरघळवायची कृती बरेचजण सांगतात. विरघळतंही, पण त्यातून होतं शिशाचं ॲसिटेट, पाण्यात विरघळणारं विष. शिवाय पोलाद खातं ते वेगळंच. घरात चार वर्षांची मुलगी आहे, मी त्या वाटेला गेलो नाही.

काम झालं ते शुद्ध तांब्याच्या घासणीने. तिचे धागे कापून जुन्या ब्रशला गुंडाळायचे आणि फिरवत राहायचं. शिसं सोलून निघतं, स्टेनलेसला ओरखडा नाही. घासणीला आधी चुंबक लावून पाहा. चिकटली तर आत पोलाद आहे, परत करा. कोपऱ्यांसाठी पितळी सळईचं टोक ठोकून चपटं केलं. चौथ्या संध्याकाळी पाऊण तासात भोक गोल दिसलं आणि मी एकटाच गॅरेजमध्ये मोठ्याने हसलो.

हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: नायट्राइलचे हातमोजे घाला, खरवडताना सगळं ओलं ठेवा म्हणजे धूळ उडणार नाही, आणि हात गार पाण्याने आणि साबणाने धुतल्याशिवाय घरात शिरू नका. कॉम्प ॲल्युमिनियमचा असेल तर अमोनियावाली आणि तीव्र द्रावणं नकोत; माझा स्टेनलेस आहे. आता दर मॅचआधी आत तेलाचा पातळ हात फिरवतो, थर सहज निघतो.

उरलं ते बरणीतलं काळं पाणी. शिसं असल्यामुळे ते सिंकमध्ये ओतता येत नाही. आमच्या काउंटीच्या घातक कचऱ्याच्या कार्यालयात फोन केला, तर अपॉइंटमेंट घ्या म्हणाले. फॉर्मवर रंग, बॅटरी, कीटकनाशक एवढेच रकाने. मी ‘इतर’ निवडलं, तर फॉर्म पुढेच जाईना. पुन्हा फोन, अर्धा तास संगीत, मग पाच आठवड्यांनंतरची तारीख. शनिवार, सकाळी नऊ ते सव्वानऊ, उशीर झाला तर नवी तारीख.

तोवर बरणी गॅरेजच्या सगळ्यात वरच्या फळीवर, कुलपात. ती लोणच्याची होती, हे आईला कालच कळलं.