रांजणातला आवाज

कानाचं मशीन कसं काढून ठेवायचं हे विचारायला आजवर कुणी माझ्याकडे आलं नव्हतं. लोक मशीन बसवायला येतात, नाहीतर ‘फार कटकट करतं’ म्हणून परत करायला. २०२३च्या ऑगस्टअखेर आलेल्या काकांची मशीनबद्दल काहीच तक्रार नव्हती. ऐंशी ओलांडलेली, दोन्ही कानांत मशीन, दोन वर्षं बिनबोभाट वापरत होते. सोबत पुतण्या, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट.

“मॅडम, नव्याच्या सणाला हे थोडा वेळ काढलं तर मला शिंग ऐकू येईल का, तेवढं सांगा.”

काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आडनावात रायगडातलं गाव, बोलण्यात अलिबागकडचा हेल. यांच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. ज्यूंचं नवं वर्ष त्यांच्या पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या पहिल्या दोन दिवशी साजरं होतं. हिब्रूत रोश हशाना, पण काकांच्या आजीच्या तोंडी तो ‘नव्याचा सण’. सफरचंद मधात बुडवून खायचं, डाळिंब सोलायचं, एकमेकांना ‘शाना तोवा’ म्हणायचं, हे मला ऐकून माहीत होतं. त्या दिवसाचा मुख्य विधी शोफारचा, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचा, हे मात्र काकांकडूनच कळलं. आणि गंमत अशी की आज्ञा शिंग फुंकण्याची नाही, ऐकण्याची आहे.

“मग मशीन घालूनच ऐका की.”

“मिश्नात, आमच्या जुन्या नियमग्रंथात, लिहिलंय,” काका म्हणाले, “कुणी खड्ड्यात नाहीतर रांजणात शिंग फुंकलं आणि तुम्हाला शिंगाचा आवाज आला, तर तुमचं कर्तव्य झालं. नुसता घुमारा आला, तर नाही झालं. आता तुमचं मशीन म्हणजे रांजणच ना?”

मला उत्तर सुचेना. माइक आवाज पकडतो, चिप त्याचे आकडे करते आणि इवलासा स्पीकर तो आवाज नव्याने तयार करतो, हे मीच रोज दहा जणांना कौतुकानं समजावते. कानात शिरतो तो मूळ आवाज नव्हेच. अठराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथानं माझ्या यंत्राला बरोबर पकडलं होतं. यावर धर्मपंडितांत मतभेद आहेत, काही जण मशीन चालतं म्हणतात, हेही काकांनीच सांगितलं. “पण पळवाट कशाला?” त्यात त्या वर्षी पहिला दिवस शनिवारी येत होता. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, शिंग वाजवत नाहीत. म्हणजे संधी एकच, रविवार, १७ सप्टेंबर.

मी त्यांच्या ऐकण्याचा ग्राफ काढला. म्हातारपणाचा नेहमीचा उतार. जाड, खालच्या पट्टीचे आवाज बऱ्यापैकी शिल्लक, पाचशे हर्ट्झला पंचेचाळीस डेसिबल. वरच्या पट्टीला मात्र कडा तुटलेला, चार हजारला ऐंशी. अशा माणसाला ढोल ऐकू येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ गळून पडतात. शिंगाचा मूळ सूर काहीशे हर्ट्झचा आणि फुंकणारा दमदार असेल तर आवाज चांगलाच मोठा. आशेला जागा होती, पण अंदाजावर मी कधी मशीन विकत नाही, मग काढायला तरी का सांगू?

पुतण्यानं कापड सोडलं. शिंग हातभर, पिळदार, तोंडाशी पिवळट आणि कडेला काळसर, हुंगलं तर अजून मेंढ्याचा वास. मी काकांची मशीनं काढून घेतली आणि त्यांच्या हातात आमच्या तपासणीचं बटण दिलं, जसं सगळ्यांना देते: ऐकू आलं की दाबा. पुतण्याला रिसेप्शनच्या टोकाला उभं केलं. पहिल्या फुंकरीला नुसती हवा. दुसरीला असा सूर निघाला की बाहेर थांबलेल्या आजी देवाचं नाव घेत उठून उभ्या राहिल्या.

तेकिया म्हणजे एक सरळ लांब सूर. शेवारीम, तीन तुटक हुंदके. तेरुआ, नऊ छोटे ठोके. काकांनी तेकियाला बटण दाबलं आणि सूर संपेपर्यंत धरून ठेवलं. शेवारीमला तीनदा. तेरुआला मात्र बोट एकदाच खाली गेलं आणि तिथंच राहिलं. ठोके एकात एक मिसळत होते. पुतण्याला मी पावलापावलानं जवळ आणत गेले. आठेक फुटांवर आला तेव्हा बोट नाचायला लागलं.

“तेव्याच्या जवळ बसा,” मी सांगितलं. तेवा म्हणजे सिनेगॉगमधला, ज्यूंच्या प्रार्थनास्थळातला, मधला चौथरा, तिथूनच शिंग फुंकतात.

काकांचा चेहरा उतरला. “मी मागे खिडकीशी बसतो. बाबांची जागा आहे ती.”

यावर ग्राफमध्ये उपाय नसतो. मी एक सूचना तेवढी दिली: सणाच्या नियमांमुळे मशीन बंद करता येत नसेल तर चालू ठेवा, पण मुठीत धरू नका, शिट्टी मारेल. उघड्या डबीत ठेवा.

त्यांनी मला बोलावलं होतं. ठाण्याचं सिनेगॉग शार हशामाईम, ‘स्वर्गाचं दार’, टेंभी नाक्याजवळ १८७९पासून उभं आहे. दोन दिवसांवर गणपती, रस्त्यात मखरांची गर्दी, लांबून ढोल-ताशा. ढोलाची पट्टी नेमकी काकांना ऐकू येणारी, त्यामुळे मी मनातल्या मनात त्या पथकाला शिव्या घालत आत शिरले. डोक्यावर ओढणी घेऊन बायकांच्या बाजूला बसले. मागची खिडकी दिसत होती. तिथं कुणी नव्हतं. काका तेव्याला लागून दुसऱ्या बाकावर.

सगळे उभे राहिले. काकांनी मशीनं काढली आणि अर्थातच मुठीत धरली. पूर्ण शांततेत बारीक, तीक्ष्ण शिट्टी सुरू झाली. सगळ्यांच्या माना वळल्या. ऐकू येत नव्हतं ते एकट्या काकांना, कारण ती शिट्टी त्यांच्या तुटलेल्या कड्याच्या पलीकडची! मी लांबून बोटं उघडून दाखवत होते, ते माझ्याकडे बघतच नव्हते. शेवटी शेजारच्या मुलानं त्यांची मूठ हळूच उलगडली.

मग तेकिया. काका डोळे मिटून होते आणि अंगठा तर्जनीवर टेकलेला, जणू बटण अजून हातातच आहे. त्या तीस सुरांत मी शिंगाकडे फारसं पाहिलंच नाही, तो अंगठाच बघत राहिले.

बाहेर आल्यावर काकूंनी हातावर चिकाच्या हलव्याची वडी ठेवली. गव्हाचा चीक नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटायचा, मग असा थरथरता, गुलाबी काप पडतो. काका मशीन परत चढवून पुतण्याशी बोलत होते.

“शेवटच्या तेरुआला आठच मारलेस.”

“नऊ होते काका.”

“आठ.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजले नव्हते, आणि तोंडात हलवा होता.