झाडीतले नऊ होल

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाचे बाकीचे कार्यक्रम शाळेच्या भाड्याच्या सभागृहात होतात. संक्रांत असो, पाडवा असो की दिवाळी, ठरलेल्या वेळेला खुर्च्या रचून, फरशी झाडून किल्ली परत करायची असते. नाटक कितीही रंगलं तरी एक डोळा घड्याळाकडे ठेवावाच लागतो. कॅम्पला ते नाही. ऑगस्टच्या शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही मिशिगनमधल्या एका चर्चच्या कॅम्पवर जातो आणि रविवारी दुपारपर्यंत तिथेच असतो. वर्षभरातला हा कार्यक्रम मला सर्वांत जवळचा आहे, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे तिथल्या झाडीतला नऊ होलचा छोटा डिस्क गोल्फ कोर्स. हा गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी फ्रिसबीसारखी चकती, म्हणजे डिस्क, कमीत कमी फेकींत वाटेच्या टोकाच्या निशाणापर्यंत न्यायची; अशी एकेक वाट म्हणजे एक होल.

ऑगस्टची अखेर ठरते ती चर्चच्या सोयीने. जूनच्या मध्यापासून तिथे मुलांची शिबिरं चालू असतात. ती संपली, शिबिरं घेणारी कॉलेजची मुलं परत गेली की केबिन रिकाम्या होतात आणि मग आमच्यासारख्यांना त्या भाड्याने मिळतात. आम्हाला तो काळ फार मानवतो. तळ्याचं पाणी अजून पोहण्याइतकं उबदार असतं, डासांचा जोर ओसरलेला असतो, सकाळी स्वेटर घालावासा वाटेल एवढा गारवा असतो. गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमीही त्याच सुमारास असतात, त्यामुळे केबिनपुढच्या मोकळ्या जागेत कुणी ना कुणी लेझीम घेऊन पावलं बसवत असतंच.

जागा साधी आहे. लाकडी केबिन, आत एकावर एक पलंग, लांब टेबलांचं जेवणघर, शेकोटीभोवती ओंडक्यांची बैठक. तळ्याकडे तोंड करून मांडलेले बाक आणि त्यांच्यापुढे उंच लाकडी क्रूस, हे त्यांचं उघड्यावरचं प्रार्थनास्थळ. दारू चालत नाही. स्वयंपाकघरात बाहेरच्यांना जाता येत नाही. त्यामुळे सकाळी पॅनकेक आणि अंडी, दुपारी सूप-सँडविच नाहीतर मॅकरोनी-चीज. आम्ही डब्यांतून ठेचा, लिंबाचं लोणचं, चिवडा नेतो. तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी एकदा अंड्यांवर ठेचा घालून खाल्ला, तेव्हापासून त्यांच्यासाठी एक बरणी वेगळी जाते.

पहिल्या वर्षी आमच्यातल्या काही वडीलधाऱ्यांना चर्चच्या जागेत राहायचं म्हणून थोडा संकोच होता. रात्रीच्या जेवणाआधी कॅम्पच्या व्यवस्थापकांनी त्यांची छोटी प्रार्थना म्हटली आणि मग विचारलं, तुम्हीही जेवणापूर्वी काही म्हणता का? आज्यांनी हात जोडून जेवणाचा श्लोक म्हटला. तो संकोच त्या पंगतीतच संपला, तो विषय पुन्हा कधी कुणी काढला नाही.

कोर्स आखला तो त्याच चर्चमधल्या एका स्काउट मुलाने. अमेरिकेत ईगल स्काउट व्हायचं तर एखादं लोकोपयोगी काम स्वतः योजून, माणसं जमवून पार पाडावं लागतं. त्याने झुडपं काढून वाटा मोकळ्या केल्या, लाकडी पाट्यांवर होलचा क्रमांक आणि फुटांतलं अंतर रंगवलं आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला लाल पट्ट्याचा एक खांब रोवला. डिस्क खांबाला लागली की होल पुरा. आम्ही सुरुवातीला खेळलो ते या खांबांवर. साखळ्यांच्या बास्केट चर्चने नंतर वर्गणी काढून आणल्या.

या खेळाचा जन्मही असाच झाला हे मला पुढे कळलं आणि फार आवडलं. एड हेड्रिक हे फ्रिसबी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीतले गृहस्थ. फ्रिसबीच्या पाठीवर बारीक वलयं उठवून तिचं उडणं स्थिर करणाऱ्या सुधारणेचं पेटंट त्यांना १९६७ मध्ये मिळालं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिला कायमचा कोर्स मांडला, आणि तिथेही आधी नुसते खांबच होते. डिस्क लागली की नाही यावरून वाद होत, म्हणून त्यांनी मुलाच्या मदतीने खांबाला साखळ्या टांगल्या आणि खाली टोपली बसवली. त्याचं पेटंट १९७७ चं. आजही जगभर तीच रचना चालते. हेड्रिक २००२ मध्ये गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून काही डिस्क बनवल्या गेल्या. हे मी शेकोटीपाशी सांगितलं तेव्हा आमच्या एका काकांनी एवढंच विचारलं, “त्या डिस्क कुणी खेळतं का, की नुसत्या जपून ठेवतात?” मुलं बराच वेळ त्यावर बोलत बसली. बहुतेकांचं मत पडलं की खेळायलाच हव्यात. माझंही तेच आहे.

खांब गेले आणि आमच्याकडचेही वाद गेले. “लागली!”, “पानांना लागली, खांबाला नाही!” हा गलका बंद झाला. साखळ्या वाजल्या की वाजल्या. तो आवाज पार जेवणघरापर्यंत येतो आणि चहा पिणारी माणसं तिथूनच विचारतात, “कुणाची गेली?”

गोल्फची डिस्क म्हणजे अंगणातली फ्रिसबी नव्हे. आमची कॉलेजातली मुलं अल्टिमेट हा फ्रिसबीचा सांघिक खेळ खेळतात, त्यांची डिस्क १७५ ग्रॅमची, रुंद आणि गोलसर कडेची. ती बनवणारी डिसक्राफ्ट कंपनी इथलीच, डेट्रॉइटजवळच्या विक्सम गावची. गोल्फची डिस्क वजनाला जवळपास तेवढीच, पण व्यासाला लहान आणि कडेला निमुळती, त्यामुळे ती हवा कापत जाते. लांबच्या फेकीला ड्रायव्हर, मधल्या अंतराला मिडरेंज, बास्केटजवळ पुटर. कॅम्पच्या ऑफिसात यांची एक पेटी असते, वहीत नाव लिहून डिस्क घ्यायच्या. आमचा कोर्स एवढा आटोपशीर आहे की ड्रायव्हरची गरजच पडत नाही. सर्वांत लांबचा होलही अडीचशे फुटांच्या आतला आहे, पहिला तर दीडशेसुद्धा भरत नाही.

शनिवारी न्याहारी झाली की चिठ्ठ्या निघतात. एका डब्यात पंधरा वर्षांच्या आतली मुलं, दुसऱ्यात पन्नाशीपुढची माणसं, दोन्हींतून एकेक नाव काढून जोड्या. मधल्या वयाच्यांनी पाणी वाहायचं, गुण लिहायचे, तान्ही बाळं सांभाळायची. जोडीतल्या दोघांनीही डिस्क टाकायची, जी चांगली पडेल तिथून दोघांनीही पुढची टाकायची. त्यामुळे झाडात गेलेली डिस्क कुणाच्याच नावावर लागत नाही, आणि एक झकास पडली की दोघांची असते. शिवाय खेळाचा मूळचाच एक नियम आहे: ज्याची डिस्क बास्केटपासून सर्वांत लांब, त्याची पाळी आधी, आणि तो टाकत असताना बाकीच्यांनी त्याच्या मागे शांत उभं राहायचं. मला हा नियम फार थोर वाटतो. मागे पडलेल्यासाठी सगळी टोळी थांबते. नऊ होल संपेपर्यंत दहा वर्षांचा नातू आणि सत्तरीच्या आजी एकाच चालीने चालत राहतात.

भारतातून आलेल्या आईवडिलांचं इथल्या कार्यक्रमांत काय होतं ते मी खूप जवळून पाहिलं आहे. त्यांना मानाने पुढच्या रांगेत बसवतात, पाया पडतात, गरम जेवण आणून देतात, आणि मग दिवसभर ते बसूनच असतात. माझे सासरे सहा महिन्यांच्या मुक्कामाला “प्रेमाची नजरकैद” म्हणायचे, आणि त्यांच्या म्हणण्यात तक्रार नसली तरी खंत होती. कॅम्पच्या झाडीत मी त्यांना पहिल्यांदा शर्टाच्या बाह्या दुमडताना पाहिलं. ते तरुणपणी आट्यापाट्या खेळलेले. डिस्क कशी जाते ते त्यांनी दोन होल नुसतं निरखलं, तिसऱ्यापासून जोडीदार मुलीला कुठल्या फांदीखालून टाकायची ते सांगू लागले. ती मुलगी घरी मराठी बोलायला कंटाळायची. पण त्या वाटेवर ती सूचना मराठीतूनच घेत होती, आणि तिला “उजवीकडची फांदी”, “उतार”, “जरा बेताने” हे सगळं समजत होतं.

चौथ्या होलबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. तिथे वाट सरळ निघते आणि एका जुन्या ओकपाशी उजवीकडे वळते, बास्केट त्या वळणापलीकडे. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीपासून बाहेर फिरवत, टाकणाऱ्याची डिस्क वेग असेपर्यंत सरळ जाते आणि वेग उतरला की डावीकडे कलते. तिच्या गिरकीची दिशाच तशी असते, त्याला कुणाचा इलाज नाही. त्यामुळे चौथ्यावर बहुतेकांची डिस्क वळणापाशी येऊन नेमकी उलट्या बाजूच्या झुडपांत जाते. तिथे पॉयझन आयव्ही आहे, अंगाला लागली की खाज सुटणारी वेल. तीन पानांची डहाळी दिसली की हात घालायचा नाही, हे मुलं आज्यांना बजावतात आणि आज्या मुलांना खाजकुयलीच्या गोष्टी सांगतात.

एका वर्षी माझ्या मैत्रिणीच्या आई आल्या होत्या, चिपळूणच्या. चिठ्ठीत त्यांच्या वाट्याला बारा वर्षांचा एक मुलगा आला. पहिले तीन होल त्या उजव्या हाताने टाकत होत्या आणि डिस्क पायाजवळच पडत होती. मुलगा काही न बोलता आपली डिस्क टाकायचा, दोघं तिथून पुढे जायचे. चौथ्यावर वाट बघत उभं असताना त्यांनी पायाशी पडलेलं ओकचं एक फळ उचललं आणि सहज म्हणून समोरच्या बुंध्यावर मारलं. डाव्या हाताने. नेम अचूक. मुलाने ते पाहिलं.

“आजी, तू लेफ्टी आहेस?”

“होते रे. शाळेत मास्तरांनी पट्टी मारून सोडवलं.”

“मग डिस्क डाव्या हाताने टाक ना!”

त्या क्षणभर लेकीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला, डिस्क डाव्या हातात घेतली, मुलाने सांगितलं तसा खांदा वळवला आणि मनगटाला झटका दिला. डावऱ्या हाताच्या डिस्कची गिरकी उलटी, म्हणून ती शेवटी उजवीकडे कलते. डिस्क ओकपर्यंत सरळ गेली आणि हळूच वळणात शिरली. बास्केटपासून वीस-एक फुटांवर पडली. पुढची मुलाने साखळ्यांत घातली. त्या दिवशी चौथा होल दोन फेकींत करणारी ती एकटीच जोडी.

पुढचे सगळे होल त्या डाव्या हातानेच खेळल्या. “हे पाखडण्यासारखंच आहे गं, सगळं मनगटात आहे,” असं दुपारी त्या बाकीच्या आज्यांना सांगत होत्या. संध्याकाळी त्यांनी लेकीला आंब्यांच्या कैऱ्या दगडाने पाडायच्या दिवसांबद्दल सांगितलं, घरामागच्या परसातल्या झाडाबद्दल, हात लपवून खेळलेल्या लगोरीबद्दल. माझी मैत्रीण पन्नाशीची. आई डावखुरी आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी चर्चची मंडळी तळ्याकाठच्या बाकांवर प्रार्थनेला येतात. सातवा होल तिथून जवळ आहे, म्हणून त्या तासाभरात तो खेळायचा नाही. हा नियम आमच्या मुलांनीच घातला, कुणी सांगितलं नव्हतं. प्रार्थना झाली की त्यांच्यातलेही काही जण आमच्याबरोबर उरलेले होल खेळतात. एका वृद्ध दांपत्याशी आमच्या आज्याआजोबांची छान ओळख झाली आहे. भाषा फारशी जुळत नाही, पण एकमेकांची डिस्क झाडीतून शोधून देताना कुणाचं काही अडत नाही.

मुलं मोठी झाली तसा त्यांना हा कोर्स लहान वाटू लागला. ती आम्हाला एकदा डेक्स्टरजवळच्या हडसन मिल्स मेट्रोपार्कला घेऊन गेली. तिथले कोर्स नावाजलेले, लांबच लांब होल, चांगल्या खेळाडूंच्या फेकी पाहताना मान मागे जाते. पाहायला मजा आली. पण तिसऱ्या होलनंतर आज्याआजोबा बाकावर जाऊन बसले आणि मुलं पुढे निघून गेली, गाठ पडली ती थेट गाड्यांपाशी. परत येताना माझ्या मुलानेच म्हटलं की कॅम्पचा कोर्स कधी मोठा करू देऊ नका. चर्चचा मध्यंतरी आणखी नऊ होल वाढवायचा विचार होता, तेव्हा मंडळाने पत्र लिहून विनंती केली: वाढवायचे तर वेगळे वाढवा, हे नऊ असेच राहू द्या. त्यांनी ते मानलं.

२०२० मध्ये कॅम्प झाला नाही. पुढच्या वर्षी झाला तेव्हा जेवण बाहेर झाडाखाली, रात्रीचा मुक्काम नाही, गाणी नाहीत. फक्त कोर्स तेवढा पूर्वीसारखा होता. दीड वर्ष घरात बसलेली माणसं अंतर ठेवून त्या वाटांवरून चालली. आमच्यातली दोन वडीलधारी माणसं गेली होती, त्यांची नावं चिठ्ठ्यांच्या डब्यात नव्हती. त्यांचे नातू मात्र खेळले, आणि त्यांच्या जोडीला पन्नाशीपुढचं कुणी ना कुणी आपणहून उभं राहिलं. तेव्हापासून जोडीदार नसलेल्या मुलाला चिठ्ठी काढावी लागत नाही, मोठ्यांपैकी कुणी तरी पुढे येतंच.

या वर्षी मंडळाने चर्चला टीच्या, म्हणजे पहिली फेक करायच्या, जागी घालायला रबरी चटया दिल्या आहेत. पावसानंतर तिथे चिखल होतो आणि वयस्कर पाय घसरतात, ही काळजी बरीच वर्षं होती. जूनमध्ये आमच्यातलेच काहीजण जाऊन त्या बसवून आले. आणि चिपळूणच्या आजींचं तिकीट लेकीने एप्रिलऐवजी जुलैचं काढलं आहे. दिवाळीला इथे असेन आणि कॅम्पलाही असेन, असा हिशेब त्यांनी स्वतःच फोनवर घालून दिला. तो बारा वर्षांचा मुलगा आता कॉलेजात आहे, चिठ्ठीच्या वयाबाहेर गेला आहे. त्याने चिठणिसांना कळवलं आहे की चौथ्या होलपुरता तरी आजींचा जोडीदार तोच असेल.