नोंद १४ : बैल, वावर आणि तेरावा नियम

एस्पेरांतो या रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेच्या माझ्या अभ्यासाच्या मागच्या नोंदीच्या शेवटी मी लिहिले होते की पुढची नोंद ४५ ताबेल्वोर्तोंच्या (कोण, कुठे, तिथे अशा शब्दांच्या) तक्त्यावर असेल. तो तक्ता भिंतीवर जसाच्या तसा लावलेला आहे, पण गेल्या तीन आठवड्यांत मी त्याच्यासमोर उभाही राहिलेलो नाही. मधल्या काळात जपानमधल्या माझ्या एस्पेरांतो पत्रमित्राचे उत्तर आले आणि त्या उत्तराने मला चौदा महिन्यांपूर्वी संपवलेल्या धड्यावर परत आणून बसवले.

पोळ्याला आठ-दहा दिवस असताना आमच्या जोडीतला एक बैल दावे तोडून सुटला, धुरा ओलांडून वावरात घुसला आणि पात्या धरलेल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन ओळी त्याने पार तुडवून टाकल्या. त्या रात्री मी पत्रमित्राला लिहिले : ‘हिएराव ला बोवो कुरिस् एन् ला काम्पो, काय् मि त्रे मालजोयिस्.’ काल बैल शेतात पळाला आणि मला फार दुःख झाले, असे मला म्हणायचे होते. चार दिवसांनी उत्तर आले. बैल शेतात पळत होता म्हणजे तो धडधाकट असला पाहिजे, मग दुःख कशाचे, पळताना त्याचा पाय मुरगळला काय, अशी त्यांनी मोठ्या आस्थेने चौकशी केली होती आणि तो लवकर बरा व्हावा अशी इच्छाही व्यक्त केली होती. त्यांच्या वाचण्यात काहीच चूक नव्हती, कारण मी लिहिले होते त्याचा अर्थ तोच होता. बैल आधीपासून शेतात होता आणि तिथल्या तिथे पळत होता. ‘काम्पो’ऐवजी ‘काम्पोन्’ लिहिले असते, तर बैल बाहेरून आत आला हे त्यांना त्याच क्षणी कळले असते.

एस्पेरांतोच्या सोळा मूळ नियमांतला तेरावा नियम आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? दिशा दाखवायची असेल तर शब्दाला अकुझातिवोचा (कर्माच्या विभक्तीचा) ‘न्’ लागतो. एक्झेर्त्सारो या मूळ स्वाध्यायमालेतला पक्षी खोलीत उडतो आणि खोलीच्या आत उडत येतो, ते वाक्य मी वहीत किती वेळा उतरवले असेल ते मोजता येणार नाही. आठवा नियम सांगतो की शब्दयोगी शब्दांनंतर नाम स्वतःहून प्रथमेतच राहते. हे दोन नियम एकमेकांना छेद देतात असे मला सुरुवातीला वाटे. नंतर उमगले की आठव्यातला ‘स्वतःहून’ हा शब्दच कळीचा आहे : ‘न्’ हा ‘एन्’ (मध्ये) या शब्दामुळे येत नाही, हालचालीमुळे येतो. हे सगळे समजलेले असूनही पत्र लिहिताना तो हाताशी येत नाही, ही माझी खरी अडचण आहे. उत्तर आले त्या रात्री मी लाल पेन घेऊन आजवरच्या ३१ पत्रांच्या कच्च्या प्रती तपासल्या. दिशेचा ‘न्’ हवा होता अशा ५८ जागा सापडल्या आणि त्यांपैकी अवघ्या ९ ठिकाणी तो मी दिलेला होता. साध्या कर्माचा ‘न्’ बराच बरा आहे, पण तिथेही एक गोष्ट लक्षात आली. वर्तमानकाळात मी तो क्वचितच विसरतो. भूतकाळात वारंवार विसरतो. ‘मी पोथी वाचतो’ म्हणताना क्रियापद माझ्यामागे चालते, पण ‘मी पोथी वाचली’ म्हणताना ते पोथीमागे जाते, आणि ज्याच्यामागे क्रियापद चालते तोच वाक्याचा धनी, असे माझ्या कानाने लहानपणापासून धरून ठेवलेले आहे. मग धन्याला ‘न्’ लावायला हात धजत नाही. मराठी मातृभाषा असलेल्या इतर सामिदेआनोंनी (एस्पेरांतोच्या सहप्रवाशांनी) आपापल्या वह्या या दृष्टीने तपासून पाहाव्यात, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दिशेच्या ‘न्’वर मात्र मी सलग पाच रात्री डोके लावून बसलो. आपल्याकडे नामावर असा काही भेद दिसतो का, हे मी शोधत होतो. ‘शेतात आहे’ आणि ‘शेतात गेला’, ‘घरी आहे’ आणि ‘घरी आला’, ‘खाटेखाली बसला’ आणि ‘खाटेखाली शिरला’ या सगळ्या जोड्यांत नाम जसेच्या तसे राहते. थोडाफार आधार मिळाला तो ‘कुठे’ आणि ‘कुणीकडे’ या जोडीचा, कारण ‘किए’ आणि ‘किएन्’ यांच्यातला फरक जवळपास तोच आहे. पण ‘तिकडे’ हा शब्द आपण जागेसाठीही सर्रास वापरतो, त्यामुळे तो आधार पुढे टिकला नाही. इंग्रजीतून एस्पेरांतो शिकवणाऱ्या अॅपचा इथे काही उपयोग होत नाही, हे मी याआधीही लिहिले आहे. इंग्रजीला आत असणे आणि आत जाणे यांसाठी दोन वेगळे शब्द असल्यामुळे ते हा धडा दहा मिनिटांत उरकतात आणि आपली अडचण तिथे उमटतच नाही. बेर्तिलो वेनेर्ग्रेन यांचे विस्तृत व्याकरण या बाबतीत कितीतरी सरस आहे. ते जालावर विनामूल्य वाचता येते आणि त्यात या एका ‘न्’वर पानेच्या पाने आहेत. मात्र तेही एस्पेरांतोतच असल्यामुळे पहिल्या वर्षात त्याचा फायदा होत नाही.

वाट दाखवली ती मायने. सहाव्या दिवशी सकाळी मामेभावाचा फोन आला होता आणि मी त्याला पऱ्हाटीचे नुकसान सांगत होतो. ‘बैल वावरात पळाला आणि दोन ओळी गेल्या,’ असे मी म्हणताच चुलीसमोर बसलेली माय तिथूनच म्हणाली, ‘पयाला काऊन म्हन्तं? घुसला म्हन. पयाला म्हटलं तं लोकायले वाटन का तो आंधीच वावरात होता.’

मी फोन तसाच धरून उभा राहिलो. जपानमधल्या माणसाला जी शंका आली होती, तीच शंका मायने अगाऊ सांगितली होती, आणि तिचे उत्तरही देऊन टाकले होते. मी पाच रात्री नामात जे शोधत होतो, ते मराठीने क्रियापदात ठेवलेले आहे. ‘पळाला’ने दोन्ही अर्थ निघतात, ‘घुसला’, ‘शिरला’ म्हटले की एकच अर्थ उरतो. एस्पेरांतो तोच भार नामाच्या शेपटीवर देते आणि क्रियापद साधेच ठेवते : ‘कुरिस् एन् ला काम्पो’ म्हणजे वावरात पळाला, ‘कुरिस् एन् ला काम्पोन्’ म्हणजे पळत वावरात घुसला. म्हणून वाक्य लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, की माय इथे कोणते क्रियापद वापरेल?

त्यानंतर मी तासभर चुलीपाशीच बसून राहिलो. ज्वारीच्या पिठाचा गोळा परातीत थापला जातो, भाकर हातावर येते आणि मग तव्यावर पडते. तळहातावरून सुटून ती तव्याला टेकेपर्यंतचा क्षण म्हणजे ‘सुर् ला पातोन्’. ती टेकली, माय वरून पाण्याचा हात फिरवते आहे, कडा सुटू लागल्या आहेत, आता ती ‘सुर् ला पातो’. उलटली, मग तवा बाजूला सारून तिला निखाऱ्यावर ठेवले, की पुन्हा ‘न्’; ती तिथे टम्म फुगते तेव्हा ‘न्’ नाही. सात भाकरी होईपर्यंत मी मनात प्रत्येक हालचालीला ‘न्’ देत आणि काढत होतो. त्या सकाळनंतर लिहिलेल्या दोन पत्रांत दिशेचा ‘न्’ २३ ठिकाणी हवा होता आणि २० ठिकाणी तो आपोआप आला. ९ जागांवरून इथवर आलो याचा मला मनापासून आनंद आहे.

राहिलेल्या तीन चुकांपैकी दोन ‘पडणे’ या क्रियापदाच्या आहेत. ‘दगड अंगणात पडला’ यात दगड बाहेरून आला आणि ‘पोरगा अंगणात पडला’ यात पोरगा अंगणातच होता, पण माय दोन्हीकडे ‘पडला’च म्हणते. म्हणजे क्रियापदाची कसोटी इथे अपुरी पडते आणि ‘आधी कुठे होता?’ हा दुसरा प्रश्न विचारावा लागतो. ‘गेला’ आणि ‘आला’ यांच्याबाबतीत उलट सोय आहे, तिथे विचार न करता ‘न्’ देता येतो. अर्थात ‘आल्’ (कडे) किंवा ‘जिस्’ (पर्यंत) असेल तर तो द्यायचा नाही, कारण ते शब्दच दिशा सांगतात.

पत्रमित्रांना मी हे सगळे सविस्तर लिहून कळवले. त्यांनी उत्तरात सांगितले की जपानीत क्रिया जिथे घडते त्या जागेला ‘दे’ आणि जिकडे जायचे त्या जागेला ‘नि’ लागतो, म्हणजे हा भेद त्यांच्याकडे नामाच्या मागे लागणाऱ्या अव्ययावर असतो. साध्या कर्मालाही त्यांच्याकडे ‘ओ’ हे चिन्ह आहे, त्यामुळे ‘न्’ त्यांना पहिल्या आठवड्यापासून ओळखीचा वाटला. मला तो चौदा महिन्यांनी ओळखीचा झाला. आमच्या दोघांच्या भाषांत दूरचेही नाते नाही, तरी एका बैलाच्या निमित्ताने आम्ही आपापल्या भाषेचे आतले काम एकमेकांना दाखवू शकलो, आणि त्यासाठी दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या भाषेत हात जोडून उभे राहावे लागले नाही.

त्या पाच रात्रींत एकदा मलाही वाटून गेले होते की हा ‘न्’ नसता तर काय बिघडले असते. १९०७ मध्ये पुढे आलेल्या इदो या एस्पेरांतोच्या सुधारित रूपाने अकुझातिवोची सक्ती काढलीच आहे, आणि खुद्द एस्पेरांतोचे जनक झामेनहोफ यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या सुधारणांत तो वगळण्याचे सुचवले होते. ‘ला एस्पेरान्तिस्तो’ या नियतकालिकाच्या तेव्हाच्या वाचकांनी मतदान करून त्या सुधारणा नाकारल्या, आणि १९०५ च्या फुन्दामेन्तो या पायाभूत ग्रंथाने तर पाया अस्पर्श्य ठरवून हा विषयच मिटवला. आज मला त्या मतदारांचे ऋण वाटते. ‘न्’ नसता, तर बैलाविषयीचा गैरसमज झाल्याचे मला कधी कळलेच नसते.

आता योजनेतला बदल सांगतो. मी मराठी-एस्पेरांतो शब्दसूची वर्णानुक्रमे करत होतो आणि १,१०० शब्दांपर्यंत आलो होतो. ती मी थांबवत आहे. तिच्याऐवजी क्रियापदांच्या जोड्यांची वही करायची आहे : पळणे-घुसणे, असणे-ठेवणे, बसणे-शिरणे, उडणे-झेपावणे, अशी प्रत्येक जोडी आणि तिच्यासमोर ‘न्’शिवाय आणि ‘न्’सह असे एकच एस्पेरांतो वाक्य. हे लिहिता लिहिता असेही वाटते आहे की या वहीत उच्चार देवनागरीत द्यावेत. एस्पेरांतोच्या रोमन लिपीतल्या, डोक्यावर टोपीसारखी खूण असलेल्या अक्षरांची आपल्याला वाटते तितकी भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण साधे आणि टोपीवाले ‘च’ हे दोन्ही उच्चार आपल्या तोंडात आहेतच : ‘चारा’तला पहिला आणि ‘चार’मधला दुसरा. ‘जगणे’तला ‘ज’ आणि ‘जगभर’मधला ‘ज’ हेही तसेच. लिहिताना आपण त्यांच्यात फरक करत नाही, तो या वहीत नुक्ता देऊन करता येईल. ‘त’ मात्र ‘त’च लिहायचा, ‘ट’ नव्हे. ‘एस्पेरँटो’ हा उच्चार आपल्याकडे इंग्रजीवाटे आलेला आहे. ही केवळ शिकण्यापुरती काठी असेल, पत्रे मूळ लिपीतच जातील.

टोपीवरून आठवले. वाचनाचे जे पुस्तक मी एका विक्रेत्याकडून टपालाने मागवले होते, ते जुन्या प्रतीवरून यंत्राने छापलेले निघाले आणि त्यातल्या सगळ्या टोप्या उडालेल्या आहेत. ‘चांब्रो’चे (खोली) ‘त्सांब्रो’ झाले आहे आणि ‘जार्देनो’चे (बाग) ‘गार्देनो’. नवशिक्याच्या हाती असे पुस्तक पडणे हे पुस्तक नसण्यापेक्षा वाईट आहे. मागवण्याआधी आतल्या एका पानाचे छायाचित्र अवश्य मागून घ्या.

नागरीचा विचार मनात येताच विनोबांची आठवण झाली. भारतीय भाषा आपापल्या लिपीबरोबर नागरीतही लिहिल्या जाव्यात असा त्यांचा आग्रह होता, आणि पदयात्रेत काही आठवडे त्यांच्याबरोबर चाललेले युगोस्लावियाचे प्रवासी-लेखक तिबोर सेकेल यांच्याकडून ते एस्पेरांतो शिकले होते. विनोबांचा आश्रम असलेले पवनार आमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. कापूस वेचणीला लागण्यापूर्वी तिथे जाऊन धाम नदीच्या काठावर बसून एक पत्र पूर्ण एस्पेरांतोत लिहायचे, असे मी ठरवले आहे. झामेनहोफ ज्या ब्यालिस्तोकमध्ये (आजच्या पोलंडमध्ये) वाढले तिथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश बोलणारे लोक शेजारी राहूनही परके होते. पांढरकवड्याच्या आठवडी बाजारात गोंडी, कोलामी, तेलुगू, हिंदी आणि वऱ्हाडी एकाच ओळीतल्या दुकानांवर ऐकू येतात, तेव्हा सर्वांना जोडणाऱ्या भाषेच्या झामेनहोफ यांच्या आशेचे मूळ मला पुस्तकापेक्षा जास्त जवळून दिसते.

एक छोटा विजय राहिला. पत्रमित्रांनी विचारले होते की पऱ्हाटीच्या ओळींत बैल जुंपून आम्ही काय करतो. डवऱ्याला शब्द कुठेच सापडला नाही, म्हणून मी तो घडवला : सेन्-हेर्ब्-इग्-इल्-ओ, गवतविरहित करण्याचे साधन. त्यांनी पुढच्याच पत्रात त्याचे चित्र काढून पाठवले. जू, दांडी, पास, सगळे जागच्या जागी होते. फक्त रुमण्याची मूठ उलट्या बाजूला होती. ते चित्र मी मायला दाखवले. ‘त्याईले सांग, मूठ इकडे लाव म्हनाव,’ असे ती म्हणाली. ‘इकडे’ म्हणजे ‘चि तिएन्’, ‘न्’सह. ते वाक्य आज रात्रीच्या पत्रात जाईल, आणि बैलाचा पाय शाबूत आहे हेही.